वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन कसे वाढेल?

एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे यंत्र आले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ‘आता येथील संशोधनाला चालना मिळणार’ असे वाक्य हमखास असते. यंत्राची किंमतही कोटींत दिलेली असते. त्या यंत्रावर कोण काम करणार, कोणता प्रश्न सोडवणार आणि त्यासाठी त्याला आठवड्यातले किती तास मोकळे मिळणार, ह्याचा मात्र बातमीत पत्ता नसतो. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. यंत्रांविषयी मला आकस असण्याचे कारण नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधन यंत्रांनी वाढत नाही, ते काळजीपूर्वक मोजणाऱ्या माणसांनी वाढते, असे माझे मत आहे. आणि त्याचा पुरावा शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही.

पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ सालचे. त्याला जोडलेले बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. तीच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने आजारी पडू लागली, तेव्हा ह्याच केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन एक नवा विषाणू शोधून काढला आणि तो गोचिडींमार्फत पसरतो हेही दाखवले.

म्हणजे हजाराहून अधिक खाटांचे रुग्णालय आणि नावाजलेली प्रयोगशाळा एकमेकांच्या शेजारी. तरीही कामाची वाटणी अशी झाली की, संशोधन संस्थेने करावे आणि महाविद्यालयाने शिकवावे व रुग्ण तपासावेत. ही वाटणी एकट्या पुण्याची नव्हे, साऱ्या देशाची आहे. (आमच्या विषयातही तेच झाले. उत्तम प्रयोगशाळा राष्ट्रीय संस्थांत आणि विद्यार्थी मात्र महाविद्यालयांत!) तिचा परिणाम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसला. भारतातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून २००५ ते २०१४ ह्या दहा वर्षांत एकही शोधनिबंध प्रसिद्ध झालेला आढळला नाही. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या अवघ्या २५.

अशा परिस्थितीत एका सरकारी महाविद्यालयात संशोधन रुजले कसे, हे पाहण्यासारखे आहे. बी. जे. महाविद्यालयाने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एच.आय.व्ही. ह्या विषाणूवर काम हाती घेतले. प्रश्न असा होता. बाधित आईकडून बाळाला हा विषाणू जन्माच्या वेळी मिळू शकतो, तसाच अंगावरच्या दुधातूनही मिळू शकतो. मग बाळाला वरचे दूध द्यावे, असे कोणीही म्हणेल. पण जेथे स्वच्छ पाण्याची खात्री नाही, तेथे वरच्या दुधाने बाळ हगवणीने दगावण्याची भीती असते. तेव्हा स्तनपान चालू ठेवून बाळाला वाचवता येईल काय? त्या काळी नेव्हिरॅपिन नावाच्या औषधाची एक मात्रा आईला प्रसूतीच्या वेळी आणि एक बाळाला जन्मानंतर देत असत. तेच औषध बाळाला सहा आठवड्यांपर्यंत रोज दिले, तर?

पुण्यासह इथिओपिया आणि युगांडा ह्या देशांत ही चाचणी झाली. कोणत्या बाळाला एक मात्रा आणि कोणाला सहा आठवडे औषध, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे, तर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात आले. सहा आठवड्यांच्या वयाला, रोज औषध घेतलेल्या बाळांतील संसर्गाचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. सहा महिन्यांनी मात्र दोन गटांतील फरक इतका कमी झाला होता, की तो योगायोगानेही पडू शकला असता. औषध थांबले, दूध चालू राहिले, आणि धोकाही चालू राहिला. संशोधकांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. अशाच निरनिराळ्या अभ्यासांच्या आधारे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्तनपान चालू असेपर्यंत बाळाला औषध देण्याचा एक मार्ग सुचवला. आज त्याच्याही पुढे जाऊन आईलाच आयुष्यभर औषधे दिली जातात.

‘योगायोगाने पडणारा फरक’ म्हणजे काय, हे विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला पुढे किरणोत्सर्गाचा प्रयोग करताना कळेल. गणकयंत्रावर दर मिनिटाला सरासरी १०० ठोके पडत असतील, तर ते कधी ९२ पडतील, कधी १०९. हा चढउतार साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे येथे १० असतो. आता समजा, शंभर बाळांच्या एका गटात ६ बाधित निघाली आणि शंभरांच्या दुसऱ्या गटात ३. प्रमाण निम्मे झाले खरे, पण ६ चे वर्गमूळच अडीचच्या आसपास आहे! ह्या फरकावर विसंबता येणार नाही. गट हजाराचे असते आणि ६० व ३० असे आकडे आले असते, तर गोष्ट वेगळी. म्हणून अशा चाचणीला शेकडो माता लागतात. आणि त्यांतील प्रत्येक माता बाळाला घेऊन ठरल्या दिवशी परत यावी लागते.

खरी मेख ह्या परत येण्यात आहे. बाई माहेरी गेली, घर बदलले, नवऱ्याची नोकरी गेली, की तिचे बाळ आकडेवारीतून निसटले. म्हणून आईला तिच्या भाषेत सारे समजावून तिची संमती घेणाऱ्या समुपदेशक हव्यात, न आलेल्या बाईचा माग काढणारे कार्यकर्ते हवेत, रक्ताच्या नळीवर योग्य क्रमांक चिकटवणारा तंत्रज्ञ हवा आणि पाच वर्षांनीही नोंद सापडेल अशी ठेवणारा लेखनिक हवा. ही माणसे एकदा तयार झाली, की दुसरा प्रश्नही हाती घेता येतो. आठ देशांत झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत बी. जे. महाविद्यालय होते. एच.आय.व्ही.बाधित गर्भवतीला क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड हे औषध गरोदरपणातच सुरू करावे, की प्रसूतीनंतर? लवकर दिलेले बरे, असेच कोणालाही वाटेल. २०१९ मध्ये उत्तर आले ते वेगळे. गरोदरपणी औषध सुरू केलेल्या स्त्रियांत अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ, मृत बाळ अशा घटनांचे प्रमाण शेकडा सुमारे २४ भरले. नंतर सुरू केलेल्यांत शेकडा १७.

पुण्यातीलच दुसरे उदाहरण के.ई.एम. रुग्णालयाचे. ते भौतिकशास्त्राच्या माणसाला विशेष आवडेल असे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. इतक्या किरकोळ बाळाच्या अंगावर चरबी कोठून असणार? पण नवजात बाळाच्या त्वचेची घडी कॅलिपरच्या चिमट्यात धरून मोजली, तेव्हा असे दिसले की, आपले बाळ स्नायूंत आणि पोटाच्या घेरात बरेच मागे आहे, पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत तितके मागे नाही. दिसायला बारीक आणि तरी आतून चरबीयुक्त! भारतीयांना मधुमेह कमी वयात आणि कमी वजनाला का होतो, ह्या कोड्याचा एक धागा येथे सापडला. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी आपल्या दोघांचीच तुलना प्रसिद्ध केली. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन ह्यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२!

त्वचेची घडी मोजणारा हा कॅलिपर काही कोटींचे यंत्र नव्हे. त्याच्या स्प्रिंगने घडीवर दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम इतका दाब कायम ठेवायचा, एवढीच त्याची करामत. पण तो हाती धरणाऱ्याला महिनोन्‌महिने सराव लागतो. दोन मोजणारे एकाच बाळाच्या दोन वेगळ्या जाड्या सांगू लागले, तर सारा अभ्यास मातीमोल.

आता नियमांविषयी. वैद्यकीय शिक्षकाला बढतीसाठी ठराविक संख्येने शोधनिबंध प्रसिद्ध करावे लागतात. हेतू चांगला आहे. परंतु सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी तास, रात्री तातडीचे रुग्ण अशा माणसाकडून निबंध मागितले आणि वेळ मात्र दिला नाही, तर काय होते? पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघतात. आमच्या प्रयोगशाळेत काही विद्यार्थी गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ धरून मागच्या पावलांनी निरीक्षणे ‘तयार’ करतात, त्यातलाच हा प्रकार. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. बहुतेक प्रबंध बांधणी होऊन कपाटात जातात. दरवर्षी नवा विषय शोधण्यापेक्षा एकाच प्रश्नावर, एकाच नोंदवहीत, दहा वर्षांच्या दहा विद्यार्थ्यांनी भर घातली, तर त्यातून काही हाती लागेल. मला तर हा बदल कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा वाटतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्यांना मोठा आधार अमेरिकेच्या पैशाचा होता. त्यात कमीपणा नाही. पण पैसा देणाऱ्याचे प्रश्न आधी सुटतात आणि हात आखडला, की तयार झालेली माणसे पांगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये परदेशी संस्थांना पोटअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, तेव्हा अनेक देशांतील संशोधकांना ह्याची जाणीव झाली. ससूनमध्ये येणाऱ्या सर्पदंशाचा, विषबाधेचा, भाजलेल्या रुग्णांचा प्रश्न परदेशातून कोणी विचारणार नाही. तो आपणच विचारला पाहिजे, आणि त्यासाठी परिचारिका, संख्याशास्त्रज्ञ व लेखनिक ह्यांची कायम पदे सरकारने दिली पाहिजेत. तीन-तीन वर्षांच्या कंत्राटावर अनुभव साठत नाही.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. बी. जे. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले आहे. संख्याशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विभाग गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठात. विद्यापीठे दोन, म्हणून भेट नाही. एम.एस्सी.च्या दोन-चार विद्यार्थ्यांनी आपला प्रकल्प ससूनच्या नोंदींवर करावा, अर्थात रुग्णांची नावे वगळून आणि नीतिसमितीच्या संमतीने, एवढे ठरायला दोन विभागप्रमुखांची एक बैठक पुरेल.

शाळांतील शिक्षकांनाही एक प्रयोग करून पाहता येईल. वर्गातील एका मुलाच्या दंडाचा घेर पाच मुलांना फीतपट्टीने मोजायला सांगा. प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याला न दाखवता कागदावर लिहायचा. मग पाचही आकडे फळ्यावर मांडा. आणि वर्गाला विचारा की, पुढच्या जूनमध्ये हाच घेर एक सेंटिमीटरने जास्त भरला, तर मुलगा वाढला, की मोजणारा बदलला, हे कसे ओळखायचे?