दत्तविधानाचा शेवटचा विधि

दत्तक म्हटलें कीं गिरगांवांतील जुन्या घरांतून दत्तहोम, वंश आणि पिंडदान ह्यांचा विचार आधीं होई. १९५६ च्या कायद्यानें मुलगी दत्तक घेण्याची वाटहि हिंदु कुटुंबांस मोकळी केली. परंतु मूल समुद्रापलीकडे जावयाचें असेल, तर होम आणि ममता एवढ्यानें भागत नाहीं.

१९८९ सालीं मुंबईची एक बालिका अमेरिकेंत दत्तक गेली. तेथें ती वाढली, संसाराला लागली, आईहि झाली. मात्र तिच्या नागरिकत्वाचे कागद कोणीं पुरे केलेच नव्हते. पुढें तिच्या हातून गुन्हा घडला आणि २००८ सालीं तिची मुंबईस रवानगी झाली. मुलें तिकडेच राहिलीं. तेथें जन्मलेल्यासहि गुन्ह्याची शिक्षा चुकली नसती. पण देश आणि लेंकरें ह्यांस मुकणें तिच्याच वांट्यास आलें.

अशा मुलांस आपोआप नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेनें २००० सालीं केला खरा. परंतु २७ फेब्रुवारी २००१ रोजीं ज्यांचें वय १८ वर्षांचें झालें होतें, त्यांस तो लागू पडला नाहीं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं लक्ष्मीकांत पांडे ह्यांच्या अर्जावरून परदेशीं दत्तक देण्याचे नियम घालून दिले. आतां ‘कारा’ ह्या केंद्रीय संस्थेच्या संमतीवांचून मूल बाहेर जात नाहीं, आणि गेल्यावर दोन वर्षें त्याच्या खुशालीचे अहवाल मागविले जातात.

आमच्या पुष्कळ वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत. त्यांच्या घरीं दत्तक बाळ आलें, तर आजीनें दुपट्याबरोबर नागरिकत्वाच्या दाखल्याचीहि चौकशी अवश्य करावी.