मैदानावर ‘मना!’ म्हणून ओरडता आले पाहिजे

शालेय व्हॉलीबॉल स्पर्धांचे दिवस जवळ आले, की आमच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सुजलेली बोटे आणि मुरगळलेले घोटे घेऊन येणारी मुले-मुली वाढतात. ‘कसे लागले?’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. घोट्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. उडी मारून खाली येताना पाय दुसऱ्याच्या पायावर पडला. पण कपाळावर टेंगूळ आलेली, ओठ फुटलेली मुलगी आली, की वेगळे उत्तर मिळते. ‘आम्ही दोघी एकाच बॉलवर गेलो.’ दोघींपैकी कोणी काही बोलले होते का, असे विचारले की मुलगी गप्प होते आणि सोबत आलेली मैत्रीण म्हणते, ‘नाही सर, कोणीच नाही बोललं.’

गंमत अशी, की हा खेळ धक्काबुक्की टाळण्यासाठीच जन्माला आला. १८९५ मध्ये अमेरिकेतील होलिओक या गावी वायएमसीएचे विल्यम मॉर्गन यांनी मध्यमवयीन व्यावसायिकांना झेपेल असा, बास्केटबॉलपेक्षा सौम्य खेळ शोधला. त्याचे पहिले नाव ‘मिंटोनेट’. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड हॅल्स्टेड यांच्या सूचनेवरून त्याला व्हॉलीबॉल म्हणू लागले. मध्ये जाळी असल्याने समोरच्या संघाशी टक्कर जवळजवळ संपली. आज धडक होते ती बहुतेक वेळा आपल्याच खेळाडूशी.

त्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. फुटबॉलमध्ये बॉल पायाशी ठेवून क्षणभर विचार करता येतो, कबड्डीत दम धरून उभे राहता येते. व्हॉलीबॉलमध्ये बॉल धरताच येत नाही. तीन स्पर्शांत तो पलीकडे गेला पाहिजे आणि ब्लॉक सोडला तर एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा हात लावता येत नाही. म्हणजे प्रत्येक स्पर्श दुसऱ्या कोणासाठी तरी असतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने मारलेली सर्व्हिस सेकंदाला १५ मीटर जाते आणि अख्खे मैदान आहे १८ मीटरचे. एका सेकंदात सहा जणांनी ठरवायचे, की बॉल कोणाचा. डोळे बॉलवर खिळलेले असतात. मोकळे असतात ते कान. शिवाय आवाजाला आपले शरीर दिसणाऱ्या खुणेपेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देते. त्यामुळे या खेळात बोलणे ही वरची सजावट नाही. पास आणि स्मॅशसारखेच ते एक कौशल्य आहे, आणि आपल्याकडे तेच कोणी शिकवत नाही.

शब्दांचा गोंधळ सुरुवातीपासूनच असतो. एक शिक्षक ‘सेटर’ म्हणतात, गावातली मोठी मुले त्यालाच ‘लिफ्टर’ म्हणतात. कोणी ‘स्मॅश’ म्हणतो, कोणी ‘शूट’. सहावी-सातवीतली नवी मुलगी ‘कव्हर कर’ ऐकून मान डोलावते, पण नक्की कुठे उभे राहायचे हे तिला कळलेले नसते. आपल्या स्मॅशरचा बॉल समोरच्या ब्लॉकला लागून परत आला तर तो उचलण्यासाठी तिच्या जवळ, वाकून उभे राहायचे, एवढाच त्याचा अर्थ. ‘लिबेरो’ म्हणजे वेगळ्या रंगाची जर्सी घातलेला, फक्त मागच्या रांगेत खेळणारा बचावपटू. १९९८ च्या सुमारास तो आंतरराष्ट्रीय नियमांत आला. ब्लॉकचा स्पर्श तीनमध्ये धरत नाहीत, हेही कित्येकांना माहीत नसते. ब्लॉकनंतर एक स्पर्श कमी समजून मुले घाईने बॉल पलीकडे ढकलतात. शब्द कळला नाही हे सांगायची लाज वाटते, आणि न कळलेला शब्द घेऊन मूल मैदानात उतरते. शिबिराच्या पहिल्या दिवशी बॉल बाजूला ठेवून अर्धा तास मैदानावर नुसते चालत, उभ्या राहण्याच्या जागा दाखवत हे शब्द शिकवले तर काय बिघडेल?

दुसरे शब्द हाकेचे. ते लहान हवेत, सगळ्यांचे एकच हवेत आणि त्यांचा शेवट मोकळ्या स्वराचा असला तर फारच उत्तम, म्हणजे ते लांबवता येतात. आपल्या अहिराणीत यासाठी तयार शब्द आहे: ‘मना!’ बॉल माझा. दोंडाईचाच्या गल्लीत पोरे क्रिकेटचा झेल घेताना हेच ओरडतात. तीच पोरे शाळेच्या संघात आली, की अहिराणी बोलायला लाजतात आणि इंग्रजी शब्द वेळेवर सुचत नाही. मग तोंड बंदच राहते. मला विचाराल तर सरावाच्या पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी सांगून टाकावे, की ‘मना’ चालेल, ‘माझा’ चालेल, ‘माइन’ही चालेल, पण संघाने त्यातला एक ठरवायचा. तसेच बॉल बाहेर जातो आहे यासाठी एक शब्द, ‘तू घे’ यासाठी एक. तीन-चार हाका पुरतात.

मुलींच्या बाबतीत इथे एक जास्तीची अडचण आहे. घरात ‘हळू बोल’, ‘दात काढू नको’, ‘पोरीच्या जातीने ओरडू नये’ हे ती चालायला लागल्यापासून ऐकत आलेली असते. चौदाव्या वर्षी तिला अचानक मैदानाच्या कडेला बसलेल्या पन्नास लोकांसमोर गळा फाडून ‘मना!’ ओरडायला सांगायचे, हे सोपे नाही. आवाज येत नाही म्हणून तिच्यावर खेकसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी बॉल न घेता सगळ्यांनी मिळून ओरडावे, मग दोघी-दोघींनी, मग एकटीने. हसू येते, येऊ द्यावे. आठ-दहा दिवसांत आवाज मोकळा होतो. धडकांतून होणाऱ्या इजा कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय माझ्या औषधांच्या कपाटात नाही.

शिक्षक काय शब्द वापरतात, यावरही विज्ञानाने काम केले आहे, आणि ते थेट याच खेळातले आहे. २००२ मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिकणाऱ्यांचे गट केले. एका प्रकारच्या सूचना शरीराबद्दल होत्या: वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घ्या. दुसऱ्या प्रकारच्या सूचना त्याच गोष्टीबद्दल, पण नजर बाहेर नेणाऱ्या: वजन लक्ष्याच्या दिशेने न्या. दुसऱ्या प्रकारात सर्व्हिस अधिक अचूक पडली. नवशिक्यांची आणि अनुभवी खेळाडूंचीही. म्हणजे ‘मनगट असं ठेव, कोपर तसं ठेव’ यापेक्षा ‘त्या कोपऱ्यातल्या खांबाकडे मार’ हे जास्त कामाचे.

त्याहून घातक आहे नकाराची सूचना. ‘नेटला मारू नकोस!’ असे ओरडले की मुलीच्या मनात पहिल्यांदा काय येते? नेट. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९९८ मध्ये गोल्फवर असा प्रयोग केला होता. बॉल खड्ड्याच्या पुढे जाऊ देऊ नका, असे सांगितलेल्या लोकांच्या मनावर दुसऱ्या एखाद्या कामाचा भार टाकला, की बॉल नेमका पुढे जायचा. २३-२३ अशा गुणसंख्येवर सर्व्हिस करणाऱ्या मुलीच्या मनावर भार असतोच. तिला ‘उंच मार’ म्हणावे. शब्द दोनच, पण काय करायचे ते सांगणारे.

आता संघातल्या वृत्तीबद्दल. शाळेच्या भिंतीवर ‘नेहमी सकारात्मक राहा’ असे रंगवलेले असते. मला ते वाक्य फारसे आवडत नाही, कारण ते कसे करायचे हे त्यात नाही. सहा मुलींच्या संघात सकारात्मकता म्हणजे चेहऱ्यावरचे हसू नव्हे. चूक झाल्यानंतर आणि पुढची सर्व्हिस होण्याआधी जे काही सेकंद मिळतात, त्यात काय बोलले जाते आणि कोण कोणाकडे कसे बघते, एवढ्यापुरतीच ती गोष्ट आहे.

माझ्या पिढीने हा खेळ वेगळ्या नियमांनी खेळला. सेट १५ गुणांचा होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळत असे. सर्व्हिस नेटला लागली तर सर्व्हिस जायची, गुण जात नसे. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नियम बदलला आणि प्रत्येक रॅलीला गुण आला. सेट २५ चा झाला. सामने आटोपशीर झाले, बघायला मजा आली. पण प्रत्येक चूक आता थेट फलकावर दिसते. चूक करणाऱ्या मुलीकडे पाच जणी, प्रशिक्षक आणि कडेला बसलेले काका-मामा एकाच वेळी बघतात. टोमणा येतो, एखादी शिवीही येते. मग ती मुलगी पुढचा बॉल मागतच नाही. ‘मना’ म्हणायचे टाळते, कारण मागितला आणि सुटला तर बोलणी खावी लागतात. गप्प राहिले तर चूक दोघींत वाटली जाते. म्हणजे बोलण्याचे कौशल्य आणि संघातली वागणूक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ज्या संघात चुकीला टोमणा मिळतो, तो संघ हळूहळू मुका होतो, आणि मुक्या संघातल्या मुली एकमेकींवर आदळून माझ्याकडे येतात.

आमच्या व्यवसायात हे फार पूर्वी कळायला हवे होते. अमेरिकेतील दोन रुग्णालयांच्या आठ विभागांचा अभ्यास एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या विभागांतले नेतृत्व चांगले, परिचारिकांचे आपसांतले संबंध चांगले, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. आधी हे उलटेच वाटते. पण तिथे चुका जास्त होत होत्या असे नाही, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. जिथे बोलणी बसतात, तिथे चूक लपते आणि रुग्ण भोगतो. आज शस्त्रक्रियागृहात डॉक्टरने औषधाचे नाव आणि मात्रा सांगितली, की सिस्टरने ती मोठ्याने परत म्हणावी अशी पद्धत आहे. तीही एक प्रकारची ‘मना’च.

म्हणून माझी प्रशिक्षकांना साधी सूचना आहे. रॅली संपली, गुण मिळाला किंवा गेला, तरी सहाही जणींनी मध्ये यावे, हाताला हात लावावा आणि एकच शब्द म्हणावा. ‘ऱ्हाऊ दे’ चालेल. चुकीची चर्चा टाइम-आउटमध्ये किंवा सामन्यानंतर करावी, आणि ती फक्त प्रशिक्षकाने करावी. प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना हा नियम समजावून सांगणे जास्त अवघड जाईल, याची मला कल्पना आहे.

हे मनावर घ्यायला हवे, कारण मुली खेळ सोडत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या अभ्यासात ११ ते १७ वयोगटातील ८५ टक्के मुलींना आणि ७८ टक्के मुलांना दिवसाला एक तासाची पुरेशी हालचाल मिळत नव्हती. आठवीत संघात असलेली मुलगी दहावीत मैदानावर दिसत नाही. अभ्यास, कपडे, पाळी, घरचे काम अशी कारणे आहेतच. पण ‘मला सगळे हसतात’ हे कारणही मी तपासणीच्या टेबलाजवळ अनेकदा ऐकले आहे, आणि ते दूर करायला सरकारी योजना लागत नाही.

इथे डॉक्टर म्हणून एक इशारा द्यावासा वाटतो. ‘हिची वृत्तीच नाही’, ‘मन लावून पळत नाही’, ‘आळशी आहे’ असे ज्या मुलीबद्दल बोलले जाते, तिचे रक्त तपासले आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या मुलीला तिसऱ्या सेटमध्ये उडी मारता येत नाही, त्यात वृत्तीचा काही संबंध नाही. आपल्या धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, सिकलसेलचाही विचार करावाच लागतो. २०२३ पासून त्याची देशपातळीवरील मोहीम सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यात तपासणी होते. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला पाणी न पिता, उन्हात, दमेपर्यंत पळवले तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फक्त वाहक असलेल्या बहुतेक मुली खेळू शकतात, पण त्यांनाही पाणी, विश्रांती आणि सावली हवीच. एप्रिल-मेमध्ये शिबिर घ्यायचे असेल तर सकाळी आठच्या आत संपवावे.

वेदनेच्या बाबतीतही ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य धोक्याचे ठरते. संघाला त्रास नको म्हणून मुली दुखणे लपवतात. बॉल बोटाच्या टोकावर आदळून शेवटचे पेर खाली झुकले आणि आपणहून सरळ होत नसेल, तर ते नुसते मुरगळलेले नसते. तिथली शीर तुटलेली किंवा हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. अशा बोटाला सहा ते आठ आठवडे, आंघोळीलाही न काढता, पट्टी ठेवावी लागते. ते बोट मैदानावर ओढू नये आणि कोणाकडे मालिशीला नेऊ नये. घोटा मुरगळल्यावर मुलगी चार पावलेही टाकू शकत नसेल तर एक्स-रे काढून घ्यावा. तोवर कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे ठेवावा आणि पाय उंचावर घ्यावा.

रक्त तपासायला शाळेने वेगळा दिवस ठरवण्याचीही गरज नाही. संघाची यादी तयार झाली की ती घेऊन दवाखान्यात यावे. बारा जणींचे हिमोग्लोबिन एका सकाळी होते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. आणि गोळीने मळमळते म्हणून ती खिडकीबाहेर टाकणाऱ्या मुलींची नावे शिक्षकांनी रागावण्यासाठी नव्हे, तर आम्हाला सांगण्यासाठी लिहून ठेवावीत.