विश्लेषण : तीनशे वस्तीच्या गावाने सहाशे वर्षांचे चर्च सांभाळायचे कसे?

इंग्लंडमधील खेड्यांत चर्चच्या दारापाशी अनेकदा एक लाकडी फलक दिसतो. त्यावर तापमापी रंगवलेली असते आणि जमलेल्या पैशांनुसार तिचा लाल पारा वर सरकतो. छपराच्या दुरुस्तीसाठी गावाने मांडलेला हा वर्गणीचा जाहीर हिशेब. देशाचा वारसा म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या वास्तूंचा खर्च गावातल्या मूठभरांनी केक विकून का भागवायचा, हा प्रश्न जुनाच आहे. ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये दुरुस्तीवरील करपरताव्याला कात्री लावल्यापासून तो पुन्हा ऐरणीवर आला.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

चर्च ऑफ इंग्लंड हे त्या देशाचे अधिकृत धर्मपीठ, म्हणजे खर्चही सरकारच करत असणार, असे बाहेरच्यांना वाटते. तसे नाही. १८६८ पर्यंत गावातील मालमत्ताधारकांकडून सक्तीने चर्चपट्टी वसूल करता येत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ती सक्ती संपली. आज हा भार स्थानिक ‘पॅरोकियल चर्च कौन्सिल’वर, म्हणजे निवडून आलेल्या बिनपगारी समितीवर असतो. दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होते आणि त्याच्या अहवालातील कामांची यादी समितीच्या हाती पडते. पैसे कुठून आणायचे, हे त्या यादीत नसते. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानंतर त्यापूर्वीची बहुतेक चर्चेस स्थानिक पालिकांच्या मालकीची झाली. जर्मनीत चर्चकर आहे. इंग्लंडमध्ये यातले काहीच नाही.

किती वास्तूंचा प्रश्न आहे?

चर्च ऑफ इंग्लंडची सुमारे १६ हजार चर्चेस आहेत आणि त्यातील १२ हजारांहून अधिक वारसा यादीत आहेत. इंग्लंडमधील ‘ग्रेड वन’ या सर्वोच्च दर्जाच्या वास्तूंपैकी जवळपास ४५ टक्के वास्तू याच धर्मपीठाच्या आहेत. चर्चच्याच २०१५ च्या आढाव्यानुसार ५७ टक्के चर्चेस ग्रामीण भागात आहेत, जिथे लोकसंख्येच्या अवघे १७ टक्के लोक राहतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याहून कमी भरले.

ब्लाइथबराचे उदाहरण काय सांगते?

सफोक परगण्यातील ब्लाइथबरा हे सुमारे ३०० वस्तीचे गाव. तिथले होली ट्रिनिटी चर्च मात्र एखाद्या शहराला शोभेल एवढे. पंधराव्या शतकात ते उभे राहिले तेव्हा गाव भरभराटीचे बंदर होते. पुढे व्यापार गेला, नदी गाळाने भरली, चर्च तेवढेच राहिले. छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत आणि त्यांच्या अंगात छऱ्यांच्या खुणा. सतराव्या शतकातल्या मूर्तिभंजकांनी त्या केल्या, असे बराच काळ सांगितले जाई. पण अठराव्या शतकात चर्चमध्ये शिरलेले जॅकडॉ पक्षी मारण्यासाठी झाडलेल्या बंदुकांच्या त्या खुणा असाव्यात, हे स्पष्टीकरण आता अधिक पटणारे मानले जाते.

१८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरली आणि बिशपने चर्च बंद केले. पैसे जमवायला समिती बसली, तोच विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन वास्तू संरक्षण संस्था आडवी आली. जुने काढून नवे घडवू नका, आहे ते फक्त दुरुस्त करा, असा तिचा आग्रह. वाद लांबला. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडी मंदिरावर ऑइलपेंट आणि फरशा चढलेल्या पाहणाऱ्यांना हा वाद अनोळखी वाटणार नाही. मॉरिस यांचे म्हणणे पुढे तिथल्या धोरणात मुरले. आता चुन्याच्या जागी सिमेंट भरणेही वादाचे ठरते आणि मोठ्या कामाला चर्च न्यायालयाची ‘फॅकल्टी’ ही परवानगी लागते. त्यामुळे वास्तू वाचतात, आणि खर्चही वाढतो.

गाव पैसे जमवते कसे?

जत्रा, केकविक्री, खासगी बागांचे दर्शन, फुलांची प्रदर्शने, मैफली. ब्लाइथबराचे चर्च ऑल्डबरा संगीत महोत्सवाचे जुने सभागृहच आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी ‘राइड अँड स्ट्राइड’ असते. लोक सायकलने वा पायी गावोगावची चर्चेस गाठतात आणि त्यासाठी परिचितांकडून प्रायोजन घेतात. जमलेल्या रकमेतील निम्मी साधारणपणे त्यांच्या पसंतीच्या चर्चला आणि निम्मी परगण्याच्या चर्च न्यासाला जाते.

यात ‘गिफ्ट एड’चे गणित महत्त्वाचे. करदात्याने एक पौंड देणगी दिली तर सरकार त्यात २५ पेन्सची भर घालते. केकची किंमत मात्र देणगी ठरत नाही, ती खरेदी. म्हणून दिवसभर भट्टीपाशी राबणाऱ्यांपेक्षा देणगीचे अर्ज भरून घेणारा एखादा शिस्तीचा खजिनदार गावाला जास्त मिळवून देऊ शकतो. तो कौतुकाचा धनी होत नाही, हा भाग वेगळा.

अनेक गावांत ‘फ्रेंड्स’ नावाचा स्वतंत्र न्यास असतो. चर्च समितीचा पैसा पुरोहितांच्या वेतनासाठी धर्मप्रांताला द्याव्या लागणाऱ्या वाट्यातही जातो. प्रार्थनेला न येणाऱ्याला, किंवा देव न मानणाऱ्याला, ते नको असते. मनोरा आणि घंटा मात्र हव्या असतात. फ्रेंड्सची रक्कम फक्त वास्तूवर खर्च होते, म्हणून असे लोकही हात सैल सोडतात. यातून कटकटीही होतात. पैसा एका मंडळाचा आणि कामाचा निर्णय दुसऱ्याचा, अशी विभागणी असते. छोट्या गावात दोन्हीकडे तीच चार माणसे असल्याने निभावते.

करपरताव्याचा वाद काय?

वारसा चर्चच्या दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट लागतो. २००१ पासून एका योजनेतून तो परत मिळत असे. ही योजना सर्व धर्मांच्या वारसा प्रार्थनास्थळांसाठी होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने तिला मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली, पण एका प्रार्थनास्थळाला वर्षाला कमाल २५ हजार पौंडांची मर्यादा घालून. म्हणजे सव्वा लाख पौंडांपर्यंतच्या कामाला झळ नव्हती. छपराचे काम तीन लाखांचे असेल तर व्हॅट होतो ६० हजार; त्यातले ३५ हजार एका वर्षात गावाला स्वतः उभे करावे लागत. संख्येने पाहिले तर बहुतेक दावे लहान असतात, असे सरकारचे म्हणणे होते. ते खरे असले तरी फटका बसणार होता तो ब्लाइथबरासारख्या मोठ्या वास्तू आणि लहान गावे यांनाच. शिवाय ज्या कामासाठी चार-पाच वर्षे पैसे जमवावे लागतात, त्याचा परतावा वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर अवलंबून असेल तर अंदाजपत्रक करायचे तरी कसे?

पर्याय कोणते?

वापरात नसलेली साडेतीनशेहून अधिक चर्चेस १९६९ मध्ये स्थापन झालेला ‘चर्चेस कन्झर्व्हेशन ट्रस्ट’ सांभाळतो. त्यातील काहींत पैसे भरून रात्री मुक्कामही करता येतो. लेखक सायमन जेन्किन्स यांच्यासारखे अभ्यासक या इमारती स्थानिक समाजाकडे सोपवा, तिथे टपाल कार्यालय, दुकान, दवाखाना काहीही चालू द्या, असे सुचवत आले आहेत. ज्या गावात माणसेच उरली नाहीत, तिथे दुकान तरी कोण चालवणार, हे या सूचनेचे दुखणे.

सरकारनेच नेमलेल्या टेलर समितीच्या २०१७ च्या अहवालाने भर दिला तो वेळच्या वेळी करायच्या छोट्या दुरुस्त्यांवर. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरते, तुळई कुजते आणि काही शे पौंडांचे काम काही लाखांवर जाते. अडचण अशी की वर्गणीच्या पत्रकावर देवदूतांचे छायाचित्र चालते, पन्हळीचे नाही. या अहवालानंतर २०१८ ते २०२० या काळात ग्रेटर मँचेस्टर आणि सफोक येथे प्रयोग झाला. किरकोळ दुरुस्त्यांसाठी अनुदान, देखभालीचे प्रशिक्षण आणि समित्यांना मदत करणारे पगारी सल्लागार असे त्याचे स्वरूप होते. तिथे पैसा मोठ्या कामांवर नव्हे, छोट्या दुरुस्त्यांवर खर्च झाला.