दुर्बीण-तपासणीस वेळ का लागतो?

मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी, म्हणजेच कोलोनोस्कोपीसाठी, देऊळगाव राजाहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे, तर घरात पहिला प्रश्न परतीच्या गाडीचा निघतो.

प्रत्यक्ष तपासणीस साधारण २० ते ४५ मिनिटे लागतात. परंतु पूर्वतयारी आणि गुंगी उतरेपर्यंतची विश्रांती धरता दोन-तीन तास सहज जातात. आतडे अधिक वळणदार असेल किंवा पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर दुर्बीण सावकाश सरकवावी लागते. पॉलिप आढळून तो काढावा लागल्यास वेळ आणखी वाढतो. दुर्बीण मागे घेताना आतड्याचे अस्तर पुरेसा वेळ देऊन निरखावे, असा वैद्यकीय दंडक आहे. तेव्हा बाहेर बसलेल्यांनी विलंबाने धास्तावू नये.

आपल्या हाती असते ती आतड्याची स्वच्छता. जुलाबाचे औषध सांगितलेल्या वेळी, पूर्ण घ्यावे. शौचास पिवळसर, नितळ पाण्यासारखे होऊ लागले की तयारी नीट झाली असे समजावे. ती अपुरी राहिल्यास तपासणीच पुन्हा करावी लागू शकते. मधुमेहाची व रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःहून थांबवू नयेत. डॉक्टरांना आधी विचारावे.

ज्येष्ठांसोबत घरचे माणूस असावे, आणि परतीची गाडी शक्यतो उशिराचीच धरावी.