गुप्त अहवाल आणि गोठलेले खाते

बारामती-इंदापूरकडे आपल्यातल्या कोणाचे बँक खाते अडकले की चौकात लगेच तर्क सुरू होतो, "नाव बघूनच रिपोर्ट केला असणार." बँकेत विचारायला जावे तर उत्तर मिळते, "वरून आलंय, सांगता येत नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये एक कायदा आहे. तरुणांनी तो नीट समजून घेतला पाहिजे.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्यानुसार प्रत्येक बँकेला, नागरी सहकारी बँकेलाही, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल अर्थ मंत्रालयाच्या फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे पाठवावा लागतो. रोख व्यवहार १० लाखांच्या वर गेला की कळवावा लागतो. संशयास्पद व्यवहाराला रकमेची अट नाही. आणि असा अहवाल गेला आहे, हे संचालकापासून कारकुनापर्यंत कोणीही ग्राहकाला सांगायचे नाही.

ही गुप्तता असावी, असे माझे मत आहे. गुन्हेगाराला कुणकुण लागली तर तो पैसे हलवेल. तालुक्याच्या गावात कारकून आणि खातेदार एकाच आळीत राहतात. कोणी कळवले हे फुटले तर कारकून पुन्हा कधी कळवणार नाही. आणि अहवाल म्हणजे आरोप नव्हे, शंकेची नोंद. ती बाहेर आली तर निर्दोष माणसाचीच अब्रू जाईल.

पण गुप्ततेला दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये अमेरिकेतले असे हजारो अहवाल पत्रकारांच्या हाती लागले, 'फिनसेन फाइल्स' म्हणून. मोठ्या बँका शंका कळवत होत्या आणि त्याच ग्राहकांचे व्यवहारही चालू ठेवत होत्या, हे त्यातून दिसले. म्हणजे पडद्याआड बँकांचा ढिसाळपणाही लपतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. बंदी घातलेल्यांच्या यादीशी खातेदारांची नावे संगणक ताडून पाहतो. मोहम्मद, शेख, खान ही नावे लाखो लोकांची, आणि इंग्रजीत त्यांची स्पेलिंगे अनेक. साहजिकच चुकीच्या जुळण्या आपल्या वाट्याला जास्त येतात. जन्मतारीख, पत्ता तपासून त्या बाजूला काढणे माणसाचे काम आहे. ते नीट होते का, हे रिझर्व्ह बँकेने तपासावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

आता महत्त्वाचे. केवळ अहवाल पाठवला म्हणून खात्यावर निर्बंध घालू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचेच निर्देश आहेत. खाते गोठते ते बहुधा केवायसी अपुरी असल्याने किंवा पोलिसांच्या, विशेषतः सायबर तक्रारीच्या, पत्रामुळे. ते कारण गुप्त नाही. कोणते पोलीस ठाणे, कोणता तक्रार क्रमांक, किती रक्कम, हे लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आपल्या बाजूनेही शिस्त हवी. मित्राला "दोन दिवसांसाठी" खाते वापरायला देऊ नका. सायबर चोरीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात. जकात, रुग्णाची मदत, मशिदीचे बांधकाम यांचा पैसा एखाद्या पोराच्या यूपीआयवर गोळा न करता संस्थेच्या खात्यात घ्या, पावती द्या, हिशेब लावा. कोणी विचारले तर कागद पुढे करता आला पाहिजे.

बँकेने अहवाल जरूर गुप्त ठेवावा. माझे पैसे का अडवले, याचे उत्तर मात्र तिने दिलेच पाहिजे.