अर्ध्या गोळीचा हिशोब

"ज्याला सोडायचंय तो आज रात्री सोडतो. कमी कमी करत सोडणारा कधीच सोडत नाही." गेल्या महिन्यात सांधेदुखीवरच्या एका व्याख्यानात हे वाक्य ऐकलं आणि त्याला टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी मात्र मांडीवरची पर्स घट्ट धरली. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं. पर्समध्ये ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळ्यांची स्ट्रिप होती. "ताई, मग मी आजपासून बंदच करू का?"

त्या प्रश्नाने मला हे लिहायला बसवलं आहे.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं, म्हणून रोज घेणारा तो व्यसनी. व्यसन निश्चयाने सुटतं. हळूहळू कमी करणं ही दुबळ्या मनाची पळवाट. दुखणं उरलंच तर सोसावं. आपल्या आयांनी नाही का सोसलं?

शेवटच्या मुद्द्याला एक ओळ पुरे. आयांनी सोसलं, आणि त्यांच्या हाताची बोटं कायमची वाकडी झाली. कुळाचा मुद्दाही मला मान्य आहे. ट्रॅमाडॉल कारखान्यात तयार होत असलं तरी मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसतं, आणि २०१८ पासून ते आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पण रोज घेणारा तो व्यसनी, हे मी मुळीच मान्य करणार नाही.

मला चौदा वर्षं आमवात आहे. एके काळी माझ्या चिठ्ठीवर दोन औषधं एकाखाली एक लिहिलेली असायची, प्रेडनिसोलोन आणि ट्रॅमाडॉल. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एकदम थांबवायचं नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं. बाहेरून ते मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. अचानक बंद केलं तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते पायरीपायरीने उतरवायचं. "आता किती मिलिग्रॅमवर आलीस?" असं नातेवाईक कौतुकाने विचारायचे. खालच्या ओळीतल्या औषधाबद्दल मात्र आवाज खाली यायचा. "अजून घेतेस?" शरीर दोन्ही औषधांना सारखंच सरावलं होतं. एकाला उपचार म्हणायचं आणि दुसऱ्याला कलंक, हा न्याय कुठला?

एकदा सांगलीला लग्नाला जाताना गोळ्या घरीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मांडवात हळद चालली होती आणि मला जांभईवर जांभई येत होती. मे महिन्याच्या उन्हात अंगावर काटा, नाकाला धार, पोट बिघडलेलं. रात्री पाय एका जागी ठरेनात. मला नशा नको होती, कसली हावही नव्हती. शरीर रोजचा आधार मागत होतं, एवढंच. ट्रॅमाडॉल मेंदूतल्या सिरोटोनिनची आणि नॉरॲड्रेनॅलिनची पातळीही वाढवतं, म्हणून ते तोडलं की त्रास दुहेरी होतो. कुणाला भयंकर धास्ती वाटते, कुणाचं डोकं भणभणतं. यात निश्चय काय करणार? व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात न थांबणं, गोळीपायी खोटं बोलणं, डोस परस्पर वाढवणं. तसंही काहींचं होतं, आणि त्यांनाही टाळ्यांच्या वाक्याची नव्हे, उपचारांची गरज असते.

'सवय लागेल' या दोन शब्दांशी माझं भांडण जुनं आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या आत्याला हाडांचा कर्करोग होता. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी मॉर्फिनला ठाम नकार दिला, सवय लागेल म्हणून. तिच्या हाती दोन महिने उरले होते. १९८५ च्या कायद्याने आधीच मॉर्फिन मिळणं अवघड करून ठेवलं होतं. तो कायदा थोडा सैल व्हायला २०१४ उजाडलं. आत्या कण्हत गेली. त्या नकाराच्या वेळी मी गप्प बसले, त्याची टोचणी अजून आहे.

झटक्यात सोडायला लावण्याचा प्रयोग झालेला नाही असंही नाही. अमेरिकेत अफूच्या कुळातल्या औषधांबद्दल डॉक्टरांसाठी निघालेल्या २०१६ च्या सूचनांचा अर्थ अनेक ठिकाणी 'तोडा' असा लावला गेला. त्यातून इतके रुग्ण वेदनेत आणि निराशेत लोटले गेले, की एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाला अचानक बंद करण्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. त्यात आत्महत्येचा उल्लेख होता. आणखी एक धोका असतो. काही दिवस बंद ठेवून, असह्य झालं म्हणून कुणी पुन्हा जुना डोस घेतला, तर तोवर शरीराचा सराव मोडलेला असतो. तोच डोस मग जास्त होऊ शकतो.

गोळी सुटावी या पक्षाची मीही आहे. तिने बद्धकोष्ठ होतं, गरगरतं, आणि दीर्घकाळ घेतली तर काहींना दुखणं उलट जास्त जाणवू लागतं. शिवाय आमवाताची सूज ती उतरवत नाही. म्हणून आधी आग विझवायची. त्यासाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. सूज आटोक्यात आली की मग गोळीला हात लावायचा.

मी दिवसाला साडेसदतीस मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेत होते. डॉक्टरांनी दर चार आठवड्यांनी अर्धी कमी करायला सांगितली. (सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती मोडायची नसते.) आठ पायऱ्यांना अकरा महिने लागले, कारण तीनदा थांबावं लागलं. चारातली अर्धी जाते तेव्हा आठवा हिस्सा जातो. शेवटच्या एकातली अर्धी जाते तेव्हा निम्मं औषध जातं. म्हणून शेवट सर्वांत जड. वहीत रोज तीन गोष्टी लिहायचे: सकाळी बोटं किती मिनिटांनी वळली, कुठले सांधे सुजले, झोप किती झाली. ज्या दिवशी दुधाची पिशवी फोडता येत नव्हती, बोटांची पेरं सुजलेली होती आणि रक्तातलं सुजेचं माप, सीआरपी, तेही वाढलेलं होतं, तेव्हा रोग उसळला होता. पायरी तिथेच धरून आधी रोगावर उपचार केले. सांधे शांत, पण जांभया आणि काटा, तेव्हा गोळी सुटत होती; ते आठवड्याभरात ओसरलं.

त्या बाईंना मी म्हटलं, "बंद करू नका. आज फक्त लिहून काढा, किती घेता ते, आणि डॉक्टरांना दाखवा." त्यांनी व्याख्यानाचं पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: सकाळी एक, दुपारी एक, रात्री दोन.