टर्बोची गाडी व तेलाचा हिशेब

झाई, बोरीगांव, घोलवड या पट्ट्यांत चिकू व मासळी वाहण्याकरितां पिकअप गाड्या आतां घरोघर झाल्या आहेत. या डिझेल गाड्यांस बहुधा टर्बो असतो. आणि “टर्बोची गाडी तेल खाणारच” असा समज आमच्या शेतकरी बंधूंत रूढ होत आहे. हा समज घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरानें एक चक्र फिरतें व त्याच आंसावरील दुसरें चक्र हवा दाबून एंजिनांत लोटतें, हाच टर्बो. स्वित्झर्लंडचे एंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं सन १९०५ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. या आंसाचे मिनिटास लाखाहून अधिक फेरे होतात आणि त्यास आधार काय तो तेलाच्या पातळ थराचा. भरल्या मालानें दामटलेली गाडी थांबतांच किल्ली फिरविली, तर तेलाचा प्रवाह खुंटतो व तप्त आंसाभोंवतींचें तेल करपून त्याचा कोळसा होतो. पुढें आंस झिजतो, तेल पाझरून जळतें व निळसर धूर दिसूं लागतो.

तथापि दोष दर वेळीं टर्बोचाच नसतो. तेल परतण्याची नळी तुंबणें, ब्रीदर चोंदणें, हवेची गाळणी धुळीनें भरणें, पिस्टनच्या रिंगा झिजणें, हींही कारणें असतात. तीं न शोधतां नवा टर्बो बसविणें म्हणजे आढ्याची गळती तशीच ठेवून भिंत सारविण्यासारखें आहे.

दिनांक १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हांपासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. त्यामुळें निळा धूर सहसा दिसत नाहीं. मात्र जळलेल्या तेलाची राख त्या गाळणींत सांचून ती निकामी होते. म्हणून धुराची वाट न पाहतां डिपस्टिकवरच भरंवसा ठेवावा.

उपाय सोपे आहेत. निघतांना अर्धा मिनिट व लांबच्या फेरीनंतर एकदोन मिनिटें एंजिन मंद चालूं द्यावें. पुस्तिकेंत सांगितलेलें तेलच मुदतींत बदलावें. दर आठवड्यास सपाट जागीं, एंजिन निवाल्यावर पातळी पाहावी. आणि तारीख, किलोमीटर व घातलेलें तेल वहींत टिपावें. थोडें तेल खपणें स्वाभाविक आहे. परंतु पुस्तिकेंतील मर्यादेहून अधिक खपूं लागल्यास तात्काळ तपासणी करवावी.

महसुली कामांत हयात गेल्यामुळें आम्हांस एवढें कळतें कीं, ज्याची नोंद नाहीं तें येणें बुडालेंच. सोसायट्यांनीं गाडीवाल्या सभासदांस अशी छापील वही द्यावी, ही आमची सूचना आहे. हंगामाच्या भरांत गाडी बसली, तर कर्जाचा हप्ता थांबत नाहीं आणि उतरविलेला चिकूही थांबत नाहीं.